स्लाइड रूलने लघुगणक शिकवताना: दोन वर्षांच्या वापरानंतरचे परीक्षण

१९७२ साली ह्यूलेट-पॅकार्डचा एचपी-३५ हा लघुगणक आणि त्रिकोणमितीय फलने काढून देणारा, खिशात मावणारा कॅल्क्युलेटर बाजारात आला आणि त्यानंतर काही वर्षांतच स्लाइड रूल (खुणांच्या पट्ट्या सरकवून आकडेमोड करण्याचे साधन) बनवणाऱ्या बहुतेक कारखान्यांनी हे उत्पादन गुंडाळले. म्हणजे ज्या वस्तूचे हे परीक्षण आहे ती आज जुन्या वस्तूंच्या विक्रेत्यांकडेच प्रामुख्याने मिळते, आणि ती कोणी आकडेमोडीसाठी विकत घ्यावी असे मी मुळीच सुचवणार नाही. उच्च माध्यमिक वर्गातील गणिताच्या विद्यार्थ्यांना लघुगणकी आणि घातांकी फलने शिकवण्याचे साधन म्हणून मी दहा इंची, प्लास्टिकच्या, वापरलेल्या बारा स्लाइड रूल घेतल्या आणि दोन वर्षे, दोन तुकड्यांबरोबर, दोघांत एक अशा वापरल्या. त्या अनुभवावर हे लेखन आधारलेले आहे.

साधन घेण्यामागचे कारण आधी सांगितले पाहिजे. माझ्याकडे येणारे विद्यार्थी हुशार असतात. लघुगणकाचे, म्हणजे लॉगचे, तिन्ही नियम त्यांना तोंडपाठ असतात आणि त्यांवरची उदाहरणे ते बिनचूक सोडवतात. मात्र ‘लॉग ५० अंदाजे किती असेल?’ असे कॅल्क्युलेटर बाजूला ठेवायला लावून विचारले की वर्ग शांत होतो. लॉग ही त्यांच्या दृष्टीने एक कळ असते, किंवा कंसाच्या आधी लिहायचे एक चिन्ह असते; ती एक संख्या आहे, ती कोठेतरी वसलेली आहे, तिला लांबी असू शकते, हे त्यांच्या मनात नसते. त्यामुळेच अ आणि ब यांच्या बेरजेचा लॉग म्हणजे दोघांच्या लॉगची बेरीज, ही चूक शंभरदा दुरुस्त करूनही पुन्हा पुन्हा उगवते. नियम तेवढे पाठ आहेत आणि नियमाला धरून ठेवणारी वस्तूच नाही, असे हे दुखणे आहे.

स्लाइड रूलची रचना थोडक्यात अशी असते: वर आणि खाली दोन स्थिर पट्ट्या, त्यांच्यामध्ये सरकणारी तिसरी पट्टी, आणि या सर्वांवरून फिरणारा, बारीक उभी रेघ कोरलेला पारदर्शक कर्सर. पट्ट्यांवर खुणांच्या अनेक रांगा असतात आणि त्यांना इंग्रजी अक्षरांची नावे असतात. माझ्या बाराही रूलवर ए, बी, सी, सीआय, डी, के आणि एल या रांगा होत्या. त्यांपैकी चार रूलवर एलएल१, एलएल२ आणि एलएल३ या जास्तीच्या रांगा होत्या. खरेदीच्या वेळी मला या फरकाचे महत्त्व कळले नव्हते. आज पुन्हा घ्यायच्या झाल्या तर एलएल रांगा नसलेली एकही रूल मी घेणार नाही.

पहिल्या तासाला मी काहीही समजावून सांगत नाही. प्रत्येक जोडीला एक रूल आणि एक साधी सेंटिमीटरची मोजपट्टी देतो, आणि डी रांगेवरच्या १ पासून २, ३, ४, ६, ८, ९ आणि १० ही चिन्हे किती अंतरावर आहेत एवढेच मोजायला सांगतो. दहा इंची म्हणवणाऱ्या रूलवर ही रांग २५ सेंटिमीटरची असते, त्यामुळे २ हा आकडा सुमारे ७.५ सेंटिमीटरवर येतो, ३ हा ११.९ वर, ४ हा १५ च्या किंचित पुढे, ६ हा १९.५ च्या आसपास आणि ८ हा २२.६ वर. वही भरत असताना कोणाच्या तरी लक्षात येतेच की २ चे आणि ३ चे अंतर मिळवले तर ६ चे अंतर येते, आणि २ चे अंतर तिप्पट केले तर ८ चे. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने हे पाहिल्यावर कोणी न सांगता ५ चे अंतर मोजून २ च्या अंतरात मिळवले, बेरीज २५ आली, आणि तिने शांतपणे एवढेच म्हटले, “सर, म्हणजे ७ वर्ग ४९, तर ४९ पट्टीच्या बाहेर असणार.” ७ चे अंतर २१.१ सेंटिमीटर, त्याची दुप्पट ४२.२, त्यातून एक पूर्ण पट्टी वजा केली की १७.२ उरतात, आणि तेथे ४.९ ची खूण आहे. गुणाकाराचा नियम तिने सिद्ध केला नव्हता हे खरे, पण तो तिला सापडला होता, आणि सापडलेला नियम सहसा विसरला जात नाही.

त्यानंतर मधली पट्टी सरकवून गुणाकार करणे म्हणजे दोन लांब्या एकापुढे एक ठेवणे, हे सांगावेही लागत नाही. सी रांगेचा १ डी रांगेच्या २ वर आणला की सी च्या ३ खाली ६ दिसतो. ४ गुणिले ५ करताना उत्तर पट्टीच्या टोकाबाहेर जाते, तेव्हा सी चे उजवे टोक ४ वर आणावे लागते आणि ५ खाली २ दिसतो. हा २ म्हणजे वीस. दशांशचिन्ह रूल देत नाही. ते ज्याचे त्याने द्यायचे. आज अनेकांना हा मोठा दोष वाटेल, मला मात्र तो या साधनाचा सर्वांत उपयोगी गुण वाटतो. लॉग टेबल वापरताना कॅरॅक्टरिस्टिक (पूर्णांकाचा भाग) आणि मँटिसा (अपूर्णांकाचा भाग) असे लॉगचे दोन तुकडे का करायचे, हे विद्यार्थ्यांना कधीच नीट कळलेले नसते. येथे ते डोळ्यांसमोर घडते: पट्टीवरची जागा म्हणजे मँटिसा, आणि आपण अशा किती पट्ट्या ओलांडल्या ती संख्या म्हणजे कॅरॅक्टरिस्टिक.

याच तासाला हटकून एक प्रश्न येतो: यावर शून्य कोठे आहे? मी तो प्रश्न तसाच वर्गाकडे परतवतो. १ च्या डावीकडे अशीच आणखी एक पट्टी जोडली तर तिच्या डाव्या टोकाला ०.१ येईल, आणखी एक जोडली तर ०.०१, दशलक्षांश गाठायला सहा पट्ट्या, म्हणजे दीड मीटर, डावीकडे जावे लागेल, आणि शून्य तरीही तितकेच दूर राहील. लॉग फलनाचा प्रांत फक्त धन वास्तव संख्यांचा का, याचे याहून सोपे उत्तर मला फळ्यावर कधी देता आले नव्हते.

एल ही साध्या, समान भागांची रांग आहे आणि तिच्याकडे बहुतेक लोक दुर्लक्ष करतात. कर्सर डी च्या २ वर ठेवला की एल वर ०.३०१ दिसते, म्हणजे विद्यार्थ्यांनी सेंटिमीटरमध्ये मोजलेले अंतरच पूर्ण पट्टीला एक एकक मानून लिहिलेले असते. यानंतर मी कर्सर एल रांगेच्या बरोबर मध्यावर, ०.५ वर, ठेवायला सांगतो. एक आणि दहाच्या मध्यावर पाच किंवा साडेपाच असेल अशी सर्वांची अपेक्षा असते. प्रत्यक्षात तेथे ३.१६ असते. थोडी कुजबुज होते, मग कोणीतरी ३.१६ चा वर्ग करते. दहाचा अर्धा घात म्हणजे वर्गमूळ, हे त्यांना वर्षानुवर्षे ठाऊक असते, पण ते एखाद्या पट्टीच्या मध्यबिंदूवर बसलेले त्यांनी पाहिलेले नसते.

सर्वांत जास्त वेळ मी पाया बदलण्याच्या सूत्रावर घालवतो, कारण पाठ्यपुस्तकात हे सूत्र दोन ओळींत सिद्ध होऊन संपते आणि विद्यार्थ्यांना ते एक जादूचा प्रयोग वाटते. रूलवर त्यात जादूसारखे काहीही नाही. १० पर्यंतची लांबी एकक मानली तर आपण दहाच्या पायाचे लॉग मोजत असतो. २ पर्यंतची साडेसात सेंटिमीटरची लांबी एकक मानली तर तीच पट्टी दोनच्या पायाचे लॉग देते. ८ चे अंतर भागिले २ चे अंतर बरोबर ३ येते, १० चे ३.३२ आणि ५ चे २.३२. पट्टीवरची एकही खूण हललेली नाही, फक्त मोजण्याचे एकक बदलले. कापड मीटरमध्ये मोजा की फुटांत, कापड तेवढेच राहते. हे एकदा समजले की सर्व पायांचे लघुगणकी आलेख एकमेकांचे उभे ताणलेले किंवा दाबलेले रूप असतात, हे विधान विद्यार्थी स्वतःच्या तोंडाने करतात. जिओजेब्रासारख्या सॉफ्टवेअरवर पायाचा स्लायडर हलवूनही हे दिसते, परंतु तेथे ते घडताना दिसते, का घडते ते दिसत नाही.

येथे एक ऐतिहासिक मुद्दा नोंदवणे आवश्यक आहे, कारण तो अध्यापनाच्या क्रमाशी निगडित आहे. जॉन नेपियरने आपली लघुगणकांची कोष्टके १६१४ साली प्रसिद्ध केली तेव्हा त्याने लॉगची व्याख्या घातांकाच्या आधारे केलेली नव्हती. दोन रेषांवरून धावणाऱ्या दोन बिंदूंच्या गतींवरून त्याने ती कल्पना उभारली होती. १६२० साली एडमंड गंटरने लघुगणकांची अंतरे एका रेषेवर आखली आणि ती अंतरे कर्कटकाने मिळवता येतात हे दाखवले. विल्यम ऑट्रेडने अशा दोन पट्ट्या एकमेकींवरून सरकवल्या. लॉग म्हणजे घातांक, ही आज आपण पहिल्या पानावर देतो ती व्याख्या ऑयलरच्या १७४८ च्या ग्रंथामुळे रूढ झाली. शंभरहून अधिक वर्षे लॉग म्हणजे अंतर होते, आणि मग ते घातांक झाले. तर्कशुद्ध मांडणीच्या दृष्टीने ऑयलरचा क्रम उत्तम आहे यात शंका नाही. शिकणाऱ्याच्या दृष्टीने मात्र जुना क्रम अधिक सोयीचा असावा असे मला या दोन वर्षांत वाटू लागले आहे. पहिल्या वर्षी मी हे साधन प्रकरणाच्या शेवटी, गंमत म्हणून, वापरले आणि त्याचा उपयोग जवळजवळ झाला नाही. दुसऱ्या वर्षी व्याख्येच्याही आधी वापरले, तेव्हा वर सांगितलेल्या गोष्टी घडल्या.

आता एलएल रांगांविषयी. लॉगच्याही लॉगच्या प्रमाणात आखलेल्या या रांगेची कल्पना १८१५ साली पीटर मार्क रोजे या वैद्याने मांडली. इंग्रजी समानार्थी शब्दांच्या प्रसिद्ध कोशाचा कर्ता तोच. एलएल३ रांग २.७१८ पासून, म्हणजे ई या संख्येपासून, सुरू होते, आणि डी वरच्या कोणत्याही संख्येसमोर ई चा तेवढा घात तेथे दिसतो: २ समोर ७.३९, ३ समोर २०.१, आणि उजव्या टोकाला दहाव्या घाताचे बावीस हजार. तीन इतक्याच लांब रांगांमध्ये १.०१ पासून बावीस हजारांपर्यंतचा प्रवास मावतो, आणि त्यातल्या शेवटच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये खुणा कशा हजारोंच्या उड्या मारतात हे पाहून घातांकी वाढीविषयीची सर्व विशेषणे अनावश्यक होतात.

मला स्वतःला यातून जे नव्याने दिसले ते एलएल१ वर. डी रांग तेथे ०.०१ ते ०.१ अशी वाचायची असते, १.०१ समोर जवळजवळ ०.०१ येते, १.०२ समोर ०.०१९८, १.०५ समोर ०.०४८८. वाढीची टक्केवारी लहान असेल तर वाढीच्या पटीचा नैसर्गिक, म्हणजे ई च्या पायाचा, लॉग म्हणजे जवळपास ती टक्केवारीच. ई हाच पाया ‘नैसर्गिक’ का, या प्रश्नावर मी आजवर मर्यादा आणि चक्रवाढीची श्रेढी सांगत आलो होतो; ते उत्तर चूक नव्हते, पण हे दोन आकडे एकमेकांसमोर ठेवून दाखवणे कितीतरी अधिक परिणामकारक ठरले. पुढे २ च्या समोर ०.६९३ दिसते, आणि रक्कम दुप्पट व्हायला लागणारी वर्षे काढण्यासाठी सत्तरला किंवा बहात्तरला दराने भागण्याची व्यवहारातली युक्ती कोठून आली हे विद्यार्थी स्वतः जुळवतात.

याच रांगांवर सर्वांत जास्त चुकाही होतात. दरसाल दरशेकडा ८ या चक्रवाढ दराने नऊ वर्षांत मूळ रक्कम किती पट होईल, हे काढताना सी चे उजवे टोक एलएल१ वरील १.०८ वर आणायचे आणि कर्सर सी च्या ९ वर न्यायचा. कर्सरच्या त्याच एका रेघेखाली एलएल१ वर १.०७२ दिसते आणि एलएल२ वर २.००. एका जोडीने १.०७२ हे उत्तर लिहिले, त्याखाली दोनदा अधोरेखाही काढली. मी विचारले, “पहिल्याच वर्षी रक्कम १.०८ पट झाली ना?” त्यांनी एकमेकांकडे पाहिले आणि उत्तर खोडले. पहिल्या रांगेवरचे उत्तर १.०८ च्या ०.९ या घाताचे होते, दुसऱ्या रांगेवरचे ९ या घाताचे, कारण प्रत्येक एलएल रांग आधीच्या रांगेचा दहावा घात असते. कॅल्क्युलेटर असा पर्याय समोर ठेवत नाही, त्यामुळे तेथे उत्तराचा अंदाज घेण्याची गरजही भासत नाही. तरीही मान्य केले पाहिजे की ही गुंतागुंत सर्वांना झेपत नाही. वर्गातल्या साधारण एक तृतीयांश विद्यार्थ्यांना मी एलएल रांगांपर्यंत नेलेच नाही.

इतर उणिवाही लपवण्यासारख्या नाहीत. ऱ्हासाची उदाहरणे माझ्या रूलवर सरळ होत नाहीत, कारण ऋण घातांच्या रांगा त्यांवर नाहीत. कार्बन-१४ चे अर्धायुष्य ५७३० वर्षे घेऊन २००० वर्षांनंतर किती अंश उरेल हे काढायचे तर आधी वाढीचे उत्तर, १.२७४, काढावे लागते आणि मग सीआय रांगेवर त्याचा व्यस्त (एक भागिले ती संख्या), ०.७८५, घ्यावा लागतो. घातांकी फलनाच्या बदलाचा दर त्या फलनाच्याच प्रमाणात असतो, ही या प्रकरणातली सर्वांत खोल गोष्ट रूल दाखवू शकत नाही; त्यासाठी आलेख, स्पर्शिका आणि त्यांचे चढ यांना पर्याय नाही. घातांकी आणि लघुगणकी फलने एकमेकांची व्यस्त आहेत, हे वाय बरोबर एक्स या रेषेवरच्या प्रतिबिंबाने जितके स्वच्छ दिसते तितके येथे दिसत नाही, जरी डी वरून एल कडे आणि एल वरून डी कडे वाचणे हे तेच असले तरी. मोजमापांची आकडेवारी घेऊन नाते घातांकी आहे का हे तपासायचे असेल तर अर्धलघुगणकी आलेखकागद (ज्याच्या एका अक्षावर लघुगणकी अंतरे असतात) अधिक उपयोगी. आणि रूल हाताळलेल्या विद्यार्थ्यांना त्या कागदावरच्या असमान रेषा अनोळखी वाटत नाहीत, हा एक अनपेक्षित लाभ.

वाचनाची सवय लागायलाही वेळ जातो. डी रांगेवर १ आणि २ यांच्यामध्ये लहान आकड्यांत १ ते ९ छापलेले असतात, आणि पहिल्या दिवशी निम्मा वर्ग तेथला २, म्हणजे १.२, हाच २ समजतो. शिवाय लहान खुणांची किंमत वाटेत बदलते: २ पर्यंत एकेक शतांश, ४ पर्यंत दोन-दोन, आणि पुढे पाच-पाच. हे आधी फळ्यावर न सांगता मी पहिला तास घेतला आणि त्यातली पंचवीस मिनिटे फुकट घालवली. तीन तासांहून अधिक वेळ या साधनाला देऊ नये असे माझे मत आहे. त्यानंतर ते कसब होते, आणि ते कसब आज कोणालाही लागत नाही.

ज्यांना जुनी रूल मिळणार नाही त्यांनी कागदावर छापलेल्या दोन पट्ट्या कापून वापरल्या तरी पहिल्या दोन तासांचे काम होते. फोनवरच्या अनुकृती मी वापरून पाहिल्या. त्या अचूक असतात, पण त्यांवर मोजपट्टी ठेवून अंतर मोजता येत नाही, आणि माझ्या लेखी या साधनाचे निम्मे मोल त्या मोजण्यात आहे.

विकत घेणाऱ्यांसाठी एक चाचणी. कर्सर डी च्या २ वर ठेवावा. त्याच रेघेखाली ए वर ४ (वर्ग), के वर ८ (घन) आणि एल वर ०.३०१ आले पाहिजे. माझ्या बारापैकी तीन रूल या चाचणीत नापास झाल्या, कारण त्यांचे कर्सर तिरपे बसले होते, आणि विक्रेत्याने त्या चांगल्या स्थितीत असल्याचे कळवलेले होते. दोन परत पाठवल्या. तिसरी ठेवून घेतली आणि ती मी मुद्दाम वर्गातल्या सर्वांत चिकित्सक जोडीला दिली. अर्ध्या तासाने त्यांनी तक्रार आणली: २ चा वर्ग ४.०४ येतो, ३ चा ९.०८ आणि ५ चा २५.२. कर्सर ए रांगेवर अर्धा मिलिमीटर पुढे सरकलेला होता. चूक प्रत्येक वेळी वेगळी दिसते, मग दोष एकच कसा, यावर ते बराच वेळ वाद घालत बसले. शेवटी त्यांतल्या एकाने चुका वजाबाकीने मोजणे सोडून भागाकाराने मोजल्या, आणि प्रत्येक वेळी उत्तर साधारण १.००९ आले. ती रूल अजून माझ्याकडे आहे. तिचा कर्सर मी दुरुस्त केलेला नाही.